आत्याचं तिकीट 'अवैध' कसं ठरलं? वॉलेटमधून पाठवलेल्या आठ तिकिटांचं प्रकरण

सांगलीतल्या एका वाचनालयात दर रविवारी सकाळी मी ज्येष्ठांना मोबाईल शिकवतो. हे प्रकरण तिथेच माझ्यापर्यंत आलं. कुटुंबाने लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील आणि आसन क्रमांक बदलले आहेत. तिकीट विकणाऱ्या कंपनीचं आणि नाट्यगृहाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. चूक कुणा एकाची नव्हती, आणि हाच घोटाळा कुठल्याही शहरात, कुठल्याही दारावर होऊ शकतो.

पार्श्वभूमी

मुलगी पुण्यात नोकरी करते. आईबाबा सांगलीत, विश्रामबागला. सांगलीत एका संगीत नाटकाचा प्रयोग लागला तेव्हा मुलीने बाबांच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून आठ तिकिटं काढली. आई, बाबा, मिरजेहून येणारी आत्या, बाबांबरोबर सकाळी फिरायला येणारे बँकवाले काका आणि त्यांच्या पत्नी, फिरण्यातलेच एक निवृत्त मास्तर, आणि शेजारचे काका-काकू. रांग एफ, आसनं ११ ते १८. प्रयोग शनिवारी संध्याकाळी साडेसहाला.

सांगलीकरांना नाटकाचं वेड आहे हे नव्याने सांगायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग इथेच केला. देवल इथून जवळच्या हरिपूरचे, खाडिलकर तर सांगलीचेच. आत्या ७८ वर्षांची. सात-आठ वर्षांची असल्यापासून ती नाटकं बघते आहे. खिडकीवर प्लॅन उघडल्यावर रांगेत उभं राहायचं, बुकिंग क्लार्क प्लॅनवर पेन्सिलीने फुली मारणार, दारावर डोअरकीपर तिकीट फाडून अर्धुक हातात देणार, हे तिला पाठ आहे. तिच्याकडे अशी अर्धुकं एका पत्र्याच्या डब्यात आहेत, मी पाहिली आहेत. या खेपेला मात्र खिडकी नव्हती. सगळी विक्री अ‍ॅपवरून, आणि दारावर क्यूआर कोड.

मुलीने बुधवारी रात्री पैसे भरले. अ‍ॅपमध्ये आठ वेगळे कोड आले आणि प्रत्येकाखाली 'वॉलेटमध्ये जोडा' असं बटण. तिच्याकडे आयफोन. तिने आठही पास लगेच वॉलेटमध्ये, म्हणजे फोनमधल्या तिकिटं आणि पास ठेवायच्या अ‍ॅपमध्ये, टाकले. पुढचा सगळा घोळ या साध्या, शहाण्या वाटणाऱ्या गोष्टीतून सुरू झाला, म्हणून ती लक्षात ठेवा.

अडचण काय होती

तिकीट काढणारी पुण्यात, बघणारे सांगलीत. शिवाय आठ जण एकत्र जाणार नव्हते. आत्या मिरजेहून रिक्षाने थेट नाट्यगृहावर, मास्तर त्यांच्या स्कूटरवर, शेजारचे काका-काकू लग्नाचं एक जेवण उरकून. म्हणजे ज्याचं तिकीट त्याच्याकडे पोचायला हवं होतं.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. मी वर्गात नेहमी सातबाऱ्याचं उदाहरण देतो. सातबाऱ्याची झेरॉक्स कुणाला दिली म्हणून जमीन त्याच्या नावावर होत नाही, त्यासाठी फेरफार नोंदवावा लागतो. डिजिटल तिकिटाचंही तसंच आहे. वॉलेटमधला पास शेअर केला की समोरच्याला त्याच कोडची प्रत मिळते. ट्रान्सफर केलं की कंपनीच्या नोंदीत तिकीट दुसऱ्याच्या नावावर चढतं, बहुतेक ठिकाणी जुना कोड मरतो आणि नव्या माणसाला नवा कोड मिळतो. दारावरचं मशीन फोन कुणाचा आहे ते बघत नाही. ते कोड वाचतं आणि यादीशी ताडून पाहतं: हा चालू आहे का, आणि आधी कुणी वापरलाय का. एकाच कोडच्या चार प्रती असल्या तर पहिली आत जाते, उरलेल्या तीन बाहेर.

पास फोनमध्ये ठेवायची ही सोय अ‍ॅपलने २०१२ साली पासबुक या नावाने आणली, २०१५ मध्ये तिचं नाव वॉलेट झालं. गूगल वॉलेट भारतात आलं मे २०२४ मध्ये. गूगल पे वेगळं आणि गूगल वॉलेट वेगळं, हे मला दर रविवारी सांगावं लागतं. भारतात पहिलं पैशांसाठी आहे, दुसरं पास, तिकिटं आणि कार्डं ठेवण्यासाठी. दोन्हीकडे पास शेअर करू द्यायचा की नाही ते पास देणारी कंपनी ठरवते. काही मोठ्या कार्यक्रमांत कोड दर काही सेकंदांनी बदलतो, तिथे स्क्रीनशॉटचा उपयोगच नसतो. या प्रयोगाच्या तिकिटांवर कोड स्थिर होता आणि शेअर करायलाही मोकळीक होती. सोयीचं होतं, आणि त्यातच फसगत झाली.

पहिला निर्णय: गुरुवारी ट्रान्सफर

मुलीने सुरुवात अगदी बरोबर केली. तिने अ‍ॅपमधून ट्रान्सफर पाठवायला घेतलं. समोरच्याचा मोबाईल नंबर टाकायचा, त्याला लिंक जाते, तो ओटीपी टाकून लॉगिन करतो आणि तिकीट स्वीकारतो.

बँकवाल्या काकांना दोन तिकिटांची लिंक गेली. त्यांनी लिंकला हात लावण्याआधी मुलीला फोन केला. "अगं, नाटकाची म्हणून लिंक आलीय, तूच पाठवलीस ना?" तिने हो म्हटल्यावरच उघडली. पाच मिनिटांत एफ-११ आणि एफ-१२ त्यांच्या नावावर, नव्या कोडसह. या प्रकरणात मला सगळ्यात आवडलेलं वागणं हे. सावधही राहिले आणि कामही केलं.

शेजारच्या काकांना दोन तिकिटांची लिंक गेली. त्यांनी ती फसवणुकीची समजून पुसली आणि नंबर ब्लॉक केला. त्यांना नावं ठेवू नयेत. गेली काही वर्षं आपणच, मी धरून, या पिढीला घोकून सांगितलंय की अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका. आता त्याच माणसांना आपण लिंक पाठवतो आणि ओटीपी टाका म्हणतो. ओटीपी दुसऱ्याला सांगणं आणि आपण मागवलेला ओटीपी आपणच अ‍ॅपमध्ये भरणं यातला फरक कुणी समजावूनच सांगितलेला नाही. आधी एक फोन गेला असता, "दहा मिनिटांत माझ्याकडून लिंक येईल, नाटकाचं नाव असेल," एवढंच, तर काकांनी ती उघडली असती असं ते स्वतः म्हणतात.

मास्तरांनी लिंक उघडली, पण ओटीपी टाकेपर्यंत वेळ संपली. उद्या बघू म्हणून त्यांनी फोन ठेवला. मुलीच्या अ‍ॅपमध्ये ते तिकीट 'प्रलंबित' दिसत राहिलं. शनिवारी सकाळी तिने ती विनंती मागे घेतली आणि तिकीट पुन्हा तिच्या नावावर आलं.

आणि आत्या? आत्याला लिंक पाठवलीच नाही. "तिला काही जमायचं नाही," असं घरात ठरून गेलं. मला हे मनापासून खटकलं. ही बाई दूधवाल्याचे पैसे स्कॅन करून देते, नातवाला व्हिडिओ कॉल करते, नाट्यगीतं शोधून ऐकते. तिला विचारलंच नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही रे, की तिकीट माझ्या फोनवर येऊ शकतं. मला वाटलं कुणीतरी दारात देईल."

दुसरा निर्णय: शनिवारी दुपारी शॉर्टकट

ट्रान्सफर करायची मुदत प्रयोगाआधी चार तास होती, म्हणजे अडीचपर्यंत. मुलीच्या हे लक्षात आलं तीनला. आता तिच्यापुढे काय होतं?

एक, सहा कोडांची पीडीएफ बाबांना पाठवायची आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून कागद काढून वाटायचे. दोन, सगळे पास बाबांच्या फोनमध्ये द्यायचे आणि बाबांनी शेवटचा माणूस येईपर्यंत दारात थांबायचं. तीन, ज्याचा कोड त्यालाच वेगळा पाठवायचा, वर नाव आणि आसन लिहून.

पीडीएफचा विचार तिच्या मनात आला होता, पण "आता कशाला बाबांना उन्हातान्हात पाठवू" म्हणून सोडून दिला. तिने दुसरा मार्ग धरला. बाबांकडे तिचाच जुना आयफोन आहे. वॉलेट उघडून, पासवरच्या तीन ठिपक्यांतून शेअर करून, एकेक पास तिने बाबांना पाठवला.

आठ पाठवले. आणि तिच्या नावावर तेव्हा सहाच होती.

अ‍ॅपमध्ये सहा, वॉलेटमध्ये आठ. बँकवाल्या काकांना दिलेली दोन तिकिटं अ‍ॅपमधून गेली होती, पण बुधवारी वॉलेटमध्ये टाकलेले त्यांचे पास जसेच्या तसे होते. कंपनीला हवं असेल तर ती असा पास दूरवरून बदलू शकते, रद्द म्हणून फिका करू शकते. इथे तसं झालं नाही. एफ-११ आणि एफ-१२ हे दोन मेलेले कोड बाकीच्या सहांसारखेच झळझळीत दिसत होते. गडबडीत तिने अ‍ॅपशी ताडून पाहिलं नाही.

पुढचं बाबांनी केलं, तेही प्रेमापोटी. दारात थांबण्यापेक्षा प्रत्येकाला त्याचं त्याचं द्यावं असं त्यांना वाटलं. बाकीच्यांकडे अँड्रॉइड, पाठवलेला पास त्यांच्याकडे उघडेना. मग त्यांनी स्क्रीनशॉट काढले. एफ-११ कडेचं आसन, आत्याला उठबस सोपी पडेल म्हणून ते तिला पाठवलं. एफ-१७ आणि १८ स्वतःला ठेवली. उरलेली पाच चित्रं, १२ ते १६, फिरायच्या ग्रुपवर टाकली आणि लिहिलं, "आपापलं घ्या." शेजारच्या काकांना त्यांनी जिन्यात सांगितलं की तुम्ही १३-१४ घ्या. मास्तरांना सांगायचं राहिलं.

सहा माणसांची तिकिटं उरली होती आणि चित्रं फिरत होती आठ. कुणीही मोजलं नाही.

दारावर काय घडलं

६.०५ ला आई-बाबा आत गेले, पाठोपाठ बँकवाले काका-काकू. ६.१० ला मास्तर आले, ग्रुपवरचं एक चित्र उघडलं, एफ-१३. हिरवं. आत.

६.१७ ला शेजारचे काका-काकू. काकूंनी १३ दाखवलं: 'आधीच वापरलेले'. काकांचं १४ हिरवं. डोअरकीपरने काकूंना बाजूला थांबायला सांगितलं. त्यांच्यामागे तीन मिनिटांनी आत्या आली. रिक्षा सोडून दिलेली, इरकल नेसलेली, मोगऱ्याचा गजरा. तिने फोन पुढे केला. मशीनवर लाल: 'अवैध'.

डोअरकीपर तिशीतला पोरगा, तो काही वाईट बोलला नाही. "आज्जी, ह्ये चालत नाही. डुप्लिकेट हाय." मागे पन्नास माणसांची रांग, त्याला एकामागून एक दोन लाल दिवे लागलेले, दोन्ही स्क्रीनशॉट. त्याला स्क्रीनशॉट फिरवून आत घुसायचा प्रकार वाटला. पण 'आधीच वापरलेले' आणि 'अवैध' हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याचा अर्थ कुणीतरी याच कोडावर आत गेलंय. दुसऱ्याचा अर्थ हा कोड चालू यादीत नाही: कदाचित तिकीट कधीतरी खरं होतं, पण आता दुसऱ्याच्या नावावर आहे किंवा रद्द झालंय. हा फरक तिथे कुणाला ठाऊक असता तर प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता.

आत्याला आजही टोचतो तो 'डुप्लिकेट' हा शब्द. मला सांगताना तिने तो तीनदा उच्चारला. "सत्तर वर्षं नाटकं बघते मी. फुकट पास आला तरी पाकिटात पैसे घालून द्यायचे तुझे आजोबा." आजोबा म्हणजे तिचे यजमान, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

बाबांना फोन लावला, उचलला नाही. आत घोषणा झाली होती, मोबाईल बंद ठेवा. बाबांनी ठेवला होता. मुलीला लावला, ती लेकीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेली होती, फोन पिशवीत. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. शेजारचे काका आत गेलेले परत बाहेर आले, कारण काकू बाहेर. आयोजकांकडून टेबलावर बसलेल्या एका मुलीने खुर्ची आणून आत्याला बसवलं, पाणी दिलं.

६.३१ ला मुलीचा फोन आला. टेबलावरच्या त्या मुलीने तिला योग्य प्रश्न विचारला: "मॅडम, तुमच्या अ‍ॅपमध्ये कुठली तिकिटं अजून वापरली नाहीत असं दिसतंय?" एफ-१५ आणि एफ-१६. ही दोन्ही चित्रं शेजारच्या काकांच्या फोनमध्ये, ग्रुपवर, पहिल्यापासून होती. स्कॅन केली. दोन्ही हिरवी.

तेवढ्यात तिसरी घंटा झाली होती आणि नांदी सुरू झाली होती. नांदी चालू असताना दार उघडायचं नाही हा नियम, आणि तो योग्यच आहे. आत्या बंद दाराशी उभी राहून ऐकत होती. दाराच्या जाड पडद्यातून ऑर्गनचा स्वर येत होता, शब्द येत नव्हते. टाळ्या झाल्यावर टॉर्चच्या उजेडात तिला एफ-१५ वर नेलं.

परिणाम

पैशांचं नुकसान शून्य. आठ तिकिटं, आठ माणसं, आठही आत. हिशोबाच्या वहीत हे प्रकरण यशस्वी दिसेल. पण आत्या नाटकाला येते ती नांदीसाठी. लहानपणी तिच्या आईने तिला पहिलं नाट्यपद शिकवलं ते नांदीचं. मुलीला हे कळलं तेव्हा ती फोनवर रडली. बाबा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत, कारण कडेचं आसन त्यांनीच निवडून दिलं होतं.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात महत्त्वाचा क्षण माझ्या मते दारावरचा नाही, गुरुवारचा आहे. ट्रान्सफर पाठवण्याआधी प्रत्येकाला एक फोन. मास्तर आणि शेजारचे काका तिथेच मार्गी लागले असते. आणि आत्याला 'जमणार नाही' असं परस्पर ठरवलं नसतं तर शनिवारी पाठवण्यासारखं काही उरलंच नसतं.

दुसरं, ट्रान्सफर करायचं असेल तर सगळी ट्रान्सफरं आटोपेपर्यंत वॉलेटमध्ये काही जोडू नये. जोडलं असेल तर दिलेल्या तिकिटाचा पास हाताने काढून टाकावा. वॉलेट ही खिशातली प्रत आहे, खरी नोंद कंपनीच्या अ‍ॅपमध्ये असते. दोन्हींत आकडा वेगळा दिसला तर अ‍ॅपचा धरायचा.

ग्रुपवर कोड टाकू नयेच. "आपापलं घ्या" हे लाडवांच्या बाबतीत चालतं, कारण लाडू उचलला की ताटातून कमी होतो. चित्र कितीही जणांनी घेतलं तरी ग्रुपवर तसंच राहतं. शिवाय तेच चित्र कुणी पुढे पाठवलं तर अनोळखी माणूसही तुमच्या आधी आत जाऊ शकतो. पाठवायचंच तर एकट्याला, वर नाव लिहून: "आत्या, एफ-१५, हे फक्त तुझं."

शनिवारी दुपारी बाबा मूळ बेताप्रमाणे दारात थांबले असते तरी भागलं असतं. कोड चुकला असता, पण पुढचा दाखवता आला असता. सगळी तिकिटं एका फोनमध्ये असतील तर त्या फोनवाल्याने सर्वांत शेवटी आत जावं. आणि तिकीट काढणाऱ्याने, तो कितीही दूर असला तरी, प्रयोगाआधीचा अर्धा तास फोन हातात ठेवावा.

आयोजकांशीही मी बोललो, त्यांनी ऐकून घेतलं. लाल दिवा लागला की माणसाला रांगेतून टेबलाकडे न्यायचं, बुकिंग कुणाच्या नंबरवर आहे ते विचारायचं आणि त्या बुकिंगमधली न वापरलेली आसनं तपासायची. आणि 'डुप्लिकेट' हा शब्द वापरायचा नाही. "नोंदीत काहीतरी गडबड दिसतेय, बसा, बघतो" एवढं म्हणायचं. हा शेवटचा आग्रह मी धरला.

पुढच्या खेपेला

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका प्रयोगाची तिकिटं काढली. मुलीने आत्याला आदल्या आठवड्यात फोन केला आणि फोन चालू ठेवूनच लिंक पाठवली. आत्याने चष्मा लावला, ओटीपी मोठ्याने वाचायला लागली, तेव्हा मुलगी म्हणाली, "मला सांगू नकोस, तूच टाक." तीन मिनिटं लागली. मग आत्या रविवारी वर्गात आली आणि वॉलेटमध्ये तिकीट कसं जोडायचं ते शिकून गेली. मास्तरांचंही झालं.

शेजारचे काका अजून लिंक उघडत नाहीत. त्यांच्यासाठी बाबा पीडीएफ घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, दोन कागद काढून आणले, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर निळ्या पेनाने लिहिलं: एकावर 'काका', दुसऱ्यावर 'काकू'.